नाक-डोळे धुतलेला गाळ

पूर्णगडच्या खाडीत मुळे नावाचे शिंपले काढणारी जाईबाई बाजारात शिरायची ती लग्नाला निघाल्यासारखी. ओहोटीला गुडघाभर चिखलात वाकून शिंपले उपसायचे, रोवळीत घालून खळखळून धुवायचे आणि मग विहिरीवर स्वतःलाही नारळाच्या सोडणानं घासायचं. बायका चेष्टा करायच्या, करोत बापड्या. तरुणपणी एका बारशाला तिला कुणीतरी म्हणालं होतं, "तू जरा बाहेर बस, चिखलाचा वास येतो." ते काळजाला लागलं ते लागलंच. चिखल अंगावर घेऊन ती पुन्हा कधी चारचौघांत गेली नाही.

आणि अशा बाईकडे कुणी चिखल मागायला यावं! पंच्याऐंशी सालच्या थंडीत आली ती विमला, देवरूखच्या कॉलेजात शिकवणारी.

"नदीचा गाळ कुठल्या दगडाचा ते शोधतेय," ती म्हणाली. "वर डोंगरात काळा कातळ, इथं सड्याच्या पठारावर जांभा. पावसानं दगड कुजतो, त्यातलं विरघळणारं वाहून जातं आणि लोखंड मागे राहतं. म्हणून तर जांभा लाल. गाळात कुठला धातू किती ते मोजलं, की तो कुठल्या दगडाचा आणि किती कुजलेला ते कळतं."

"म्हंजे पोराचं नाक-डोळं बघून बापूस वळखायचा!"

विमला पोट धरून हसली. जाईबाईला ती पोर तिथंच आवडली. वरच्या गावांतला गाळ विमलानं स्वतः भरला होता. नदीच्या मुखाजवळच्या चिखलात पाय कुठं ठेवावा, हे मात्र जाईबाईलाच ठाऊक. म्हणून पिशव्या तिच्या हाती देऊन विमला निघाली, आणि जाता जाता म्हणाली, "स्वच्छ भरा हं."

पिशवीत केरकचरा नको, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण हे सांगितलं कुणाला? जाईबाईनं सगळा चिखल रोवळीत घातला आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतला. पाहुणीला घाण कशी द्यायची!

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी विमला आली. तिनं एक पिशवी उघडली, दुसरी उघडली, आणि तिचा चेहराच उतरला.

"अहो, ही नुसती वाळू! बारीक गाळातच तर सगळी ओळख होती."

"म्हंजे नाक-डोळंच धुवून टाकलं मी?"

"परवा मुंबईला धातू मोजायच्या यंत्रावर माझा नंबर आहे. तो हुकला की वर्ष गेलं." विमलाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "नाही, चूक माझीच. मीच नीट सांगितलं नाही."

रागावली असती तर बरं, असं जाईबाईला वाटलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुजी गाडी कदी हाय?"

"सकाळी सातची."

सकाळी ओहोटी नेमकी रेंगाळली. चिखल उघडा पडेपर्यंत जाईबाईचा जीव टांगणीला लागला होता. पिशव्या भरून ती वर चढली, तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, कोपरापर्यंत चिखल, गालावरसुद्धा चिखल. विहीर वाटेवरच होती. तिथं तिचे पाय थबकले. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. जाईबाईनं विहिरीकडे पाठ केली, पदर खोचला आणि भर बाजारातून पळत सुटली.

लोक बघत होते. तिला लाज वाटली, खूप वाटली, पण पाय थांबले नाहीत.

विमला खिडकीत बसली होती. पिशव्या पाहून तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं हात बाहेर काढून जाईबाईचा चिखलाचा हात घट्ट धरला.

मागून कंडक्टर ओरडला. "ओ बाई, ती घाण गाडीत नको!"

जाईबाई वळली. सारा बाजार ऐकत होता.

"घाण तुज्या तोंडात! गाळ हाय तो. मुंबईला चाललाय. हो बाजूला, त्येला बसायला जागा दे!"