द्रौपदाबाईची येष्टी

द्रौपदाबाई तायडे जीपमधून बाहेर आली ती स्वतःच्या पायांनी नाही. कुणीतरी तिच्या काखेत हात घालून तिला ओढलं. लुगडं पत्र्यात अडकून टरकन फाटलं आणि मांडीवरचं सुगंधाबाईचं डोकं घसरून मातीवर आपटलं. तेव्हा तिला कळलं की शेजारीण गेली. जिवंत माणसाचं डोकं असं पडत नाही.

एक्क्याण्णवचा उन्हाळा होता. बोदवड-वरणगाव रस्त्यावर, धोंडखेड्याच्या फाट्यापुढच्या फरशीपुलावरून जीप खाली गेली होती. गाडी दहा माणसांची, पण आत, मागे लटकलेली आणि टपावरची धरून पंचवीसेक तरी होती. टपावरची माणसं कोरड्या ओढ्यातल्या खडकांवर पडली. एकजण तर कवटी फुटूनही उठून बसला, खिशातली तंबाखू चाचपली आणि मग आडवा झाला. ड्रायव्हरने आधीच उडी मारली होती. तो कापूस निघालेल्या शेतातून पळत सुटला तो पुन्हा त्या भागात दिसला नाही.

सुगंधाबाई आणि द्रौपदाबाई दोघी रोज धोंडखेड्याहून वरणगावला भाजी विकायला जात. मेथी, वांगी, हिरव्या मिरच्या. तिथल्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये दोघींची गिऱ्हाईकं ठरलेली. त्या दिवशी येष्टी उशिरा होती, ऊन तापायच्या आत पोचावं म्हणून सुगंधाबाईनेच जीपला हात केला होता. तिला जाळून आल्यावर द्रौपदाबाईने बुद्धविहारासमोर सगळ्यांदेखत सांगितलं, "मी मरीन तं पायी चालताना मरीन. त्या डब्यात पुन्हा बसणार नाही, अन् कोणाले बसूही देणार नाही."

पहिलं वाक्य लोकांना पटलं. दुसऱ्याला ते हसले.

जीप होती हिलालभाऊची. अशा त्याच्या बऱ्याच गाड्या त्या रस्त्यावर पळत. एक मोडली तर महिन्याभरात दुसरी आली, आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून बसला द्रौपदाबाईचाच मुलगा सुपडू. आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून हे जगावं यासाठी जन्मल्या जन्मल्या त्याला सुपात घातलं होतं. नावही त्यावरूनच पडलं. असा जपून वाढवलेला पोरगा संध्याकाळी डोळ्यांवर काळा चष्मा लावून दारात जीप उभी करू लागला. माय बाहेर आली, तिने चष्मा ओढून काढला आणि जात्याच्या दगडावर आपटला.

"तुले सुगंधामावशीचं मढं दिसलं नाही का रे?"

"तो ड्रायव्हर दारू पेलेला होता, माय. मी पेत नाही."

"दारूनं नाही पडली गाडी. पंचवीस माणसांनी पडली."

सुपडूची बायको लता चुलीपाशी बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवसापासून द्रौपदाबाई फाट्यावर उभी राहू लागली. येष्टीच्या आधी पाच मिनिटं जीप यायची आणि माणसं उचलायची, येष्टी रिकामी पुढे जायची. ही बाई जीपच्या दाराशी आडवी होऊन बायांच्या टोपल्या खाली ओढायची. शिव्या द्यायची, हात धरायची. सुरुवातीला तिलाच धक्के बसले. पण मग तिने एक गोष्ट बायांच्या कानी घातली, आणि ती सगळ्यांच्या चुलीपर्यंत पोचली.

"रेशनच्या दुकानात रॉकेल काहून भेटत नाही तुम्हाले? जीपच्या टाकीत जाऊन पाहा. डिझेलमध्ये मिसळून जाळता. तो काया धूर कशाचा निघतो मंग? एका येष्टीत मावती तेवढ्या माणसांले जीपा लागता सहा. सहा ठिकाणी आपलंच रॉकेल जळतं, अन् आपण पैसे देऊन त्याच्यावर बसतो."

बायांना अपघाताची भीती होतीच, पण भीती चार दिवसांत विरते. स्टोव्ह विझलेला मात्र रोज दिसतो. कापूस वेचायला जाणाऱ्या, बाजाराला जाणाऱ्या, पोरांना दवाखान्यात नेणाऱ्या बाया येष्टीसाठी थांबू लागल्या. दिवाळीपर्यंत जीपा फाट्यावर हॉर्न वाजवून वाजवून रिकाम्या निघू लागल्या.

मग मारामाऱ्या सुरू झाल्या.

येष्टीचा ड्रायव्हर वना हा धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा, जाडजूड आणि शांत माणूस. एके सकाळी फाट्यावर हिलालच्या माणसांनी जीप आडवी लावली, वनाला कॉलर धरून खाली ओढलं आणि चाकं खोलायच्या लोखंडी टामीने तोंडावर मारलं. पुढचे दात तुटून त्याच्या खाकी शर्टावर पडले. कंडक्टर गाडीखाली शिरला. पुरुष प्रवासी खिडक्यांतून पाहत राहिले. द्रौपदाबाई मात्र खाली उतरली. तिच्या पिशवीत तराजूची वजनं होती. पिशवीची दोरी मुठीला गुंडाळून तिने ती गरगर फिरवली आणि टामीवाल्याच्या कानशिलावर हाणली. तो एका गुडघ्यावर बसला. तिने पुन्हा हाणली. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला, आणि आपल्याला तो आवडला हेही तिला जाणवलं. हात थांबेचना. शेवटी रक्ताने भरलेल्या तोंडाच्या वनानेच तिला मागून कवळा घातला.

"बस कर, माय. मरी जाई तो."

ड्रायव्हरला मारल्यामुळे डेपोने ती गाडी काही दिवस बंद ठेवली. जीपवाले फाट्यावर गुलाल उधळून गेले. पण द्रौपदाबाई गावातल्या बाया घेऊन डेपोत जाऊन बसली, ती गाडीचा शब्द घेऊनच उठली. वनाने तो मार्ग पुन्हा मागून घेतला. त्याच्या बोलण्यात आता दातांच्या फटीतून हवा शिटीसारखी यायची. पहिल्या फेरीला निघताना त्याने द्रौपदाबाईला सांगितलं, "माय, काचजोडे बसू नको. आज काही खरं नही शे."

ती खिडकीशीच बसली. तिला रस्ता बघायचा होता.

फरशीपुलाच्या चढावर गाडी हळू झाली तेव्हा बाभळींमागून दगड सुरू झाले. समोरची काच आधी गेली. पोरं रडू लागली, बाया सिटांखाली घुसल्या. द्रौपदाबाईने मान बाहेर काढून शिवी घातली आणि त्याच वेळी तिला सुपडू दिसला. बाभळीच्या बुंध्याशी, हात मागून पुढे आलेला, मूठ उघडलेली. त्यालाही ती दिसली. त्याचं तोंड उघडलं, पण दगड हातातून सुटला होता.

डाव्या डोळ्यात आधी पांढरं, मग काहीच नाही. गालावरून काहीतरी गरम वाहत होतं आणि ते रक्तापेक्षा पातळ होतं. वनाने आरशात पाहिलं आणि गाडी थांबवली नाही. सगळ्या प्रवाशांसकट, काचा सांडत, मधल्या एकाही थांब्यावर न थांबता त्याने ती येष्टी थेट भुसावळच्या दवाखान्याच्या फाटकात नेऊन उभी केली.

डोळा वाचला नाही. तिसऱ्या दिवशी हिलालभाऊ सफरचंदं घेऊन खाटेपाशी आला. पांढरा सफारी, गोड आवाज.

"अक्का, झालं ते वाईट झालं. पोरांची चूक. पण पोलिसाले काही दिसलं नाही म्हण. तुझाच पोरगा आत जाईन."

त्याच्यामागे लता उभी होती, पदर तोंडाशी धरून. हिलाल गेल्यावर तिने सासूचे पाय धरले. "आत्या, माझ्या पोटात त्याचं लेकरू आहे. नाव घेऊ नका."

द्रौपदाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच होता. पोलीस आले तेव्हा तिने सांगितलं, "दगड मारला माझ्या पोरानं, सुपडू तायडेनं. मारायले पाठवलं हिलालनं. दोन्ही नावं लिहा. एक लिहून दुसरं सोडू नका."

लता त्याच दिवशी माहेरी निघून गेली. जाताना घरातली चूल पायाने फोडून गेली.

सुपडू जामिनावर सुटून आला तेव्हा माय दारात मिरच्या निवडत होती. तो हातात काठी घेऊन आला होता, वाटेत लोकांनी पाहिलं होतं आणि शेजारी अंगणात गोळा झाले होते.

"सख्ख्या माईनं आत टाकलं मले!" तो ओरडला. "मी काय तुले मारायले दगड मारला होता? मले काय मालूम तू तिथी बसली म्हणून!"

द्रौपदाबाई उठली. तिने काठी त्याच्या हातातून काढून घेतली, आणि त्याने ती सोडली. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर.

"मालूम नव्हतं? मंग दुसऱ्याची माय असती तं चाललं असतं? सुगंधाची पोरगी असती तं? सांग! कोणाचा डोया फोडायले चालला असता तुले?"

ती मारत राहिली. त्याच्या ओठातून रक्त आलं, बनियन फाटला. तो हात वर करत नव्हता. शेजारी मध्ये पडायला आले, तर तिने त्यांच्यावरही काठी उगारली. दम लागून ती खाली बसली तेव्हा सुपडू तिच्यासमोर उकिडवा बसला होता. तिच्या डोळ्यावरची पट्टी ओली झाली होती. त्याने ती बघितली आणि उलटी केली, तिथेच, अंगणात.

कोर्टात त्याने दगड मारल्याचं कबूल केलं, आणि हिलालचं नावही घेतलं. त्याची किंमत त्याला त्याच दुपारी मोजावी लागली. भुसावळच्या स्टँडबाहेर चौघांनी त्याला घेरलं, खाली पाडलं आणि उजवा गुडघा दगडावर ठेवून टामीने फोडला. द्रौपदाबाई त्याच्या अंगावर आडवी पडली. डाव्या बाजूने येणारा फटका तिला दिसला नाही, दोन बरगड्या मोडल्या. स्टँडवर धोंडखेड्याच्या बाया गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. त्या धावल्या. चपला, टोपल्या, विळे, जे हाती होतं ते घेऊन. चौघांतला एक सापडला. त्याचं काय झालं ते बायांनी पोलिसांना नीट सांगितलं नाही, पण तो पुढे काठी घेऊनच चालला.

हिलाल सुटला. साक्षीदार फिरले. त्याच्या जीपा दुसऱ्या रस्त्यावर गेल्या आणि तिथे पळू लागल्या. सुपडूला चार महिन्यांची सजा झाली. आत असताना त्याला मुलगी झाली. लता तिला घेऊन परत आली ती तो सुटल्यावर. सासूशी ती वर्षभर बोलली नाही, पण भाकरी वाढायची.

गुडघा वाकत नसल्याने सुपडूला गाडी चालवता येईना. तो केळीच्या वखारीत घड मोजायला लागला. वरणगावला मायबरोबर येष्टीने जाई, पण तिच्या शेजारी बसत नसे. मागच्या सिटावर, पाय वाटेत लांब करून. लोक त्याचा पाय ओलांडून जात.

सत्त्याण्णवपर्यंत धोंडखेड्याला दिवसातून चार गाड्या येऊ लागल्या. वनाची बदली होऊन तो धुळ्याला गेला. त्याच्या जागी आलेला नवा ड्रायव्हर एकदा फाट्यावर गाडी न थांबवता पुढे निघाला, तर द्रौपदाबाई रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. करकचून ब्रेक लागले. बंपर तिच्या पदराला टेकला.

"मराल ना, मावशी!" तो ओरडला.

"मरीन तं मरीन," ती म्हणाली. "दार उघड आधी. मागं सात बाया आहेत."