लिदाच्या गावाचा नकाशा

प्रिय ईशान आणि रेवा,

लिदाआजी गेल्याचं तुम्हाला आईने फोनवर सांगितलं. माझ्या हातून लिदाचं काय नुकसान झालं, ते तुमच्या आईला माहीत नाही. मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. लिदाला ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत, म्हणून आता लिहून ठेवते.

लिदा आमची जळोचीतली शेजारीण. रशियात व्होल्गा नदी कॅस्पियन समुद्राला मिळते, तिथल्या त्रिभुज प्रदेशातल्या एका खेड्यात ती जन्मली. मत्स्यशास्त्र शिकायला तिकडे गेलेल्या कळंबच्या एका तरुणाशी लग्न करून इकडे आली आणि सासूकडून मराठी शिकली. निळ्या डोळ्यांची ही बाई "व्हय" आणि "न्हाय" म्हणायला लागली की मंडईतल्या भाजीवाल्या वजन करायचं विसरायच्या. संध्याकाळी कालव्याच्या कडेने फिरताना ती हमखास थांबायची. "हितलं पाणी लई गुणाचं, बाई. पाटकरी सांगल तिकडं जातं. आमच्याकडं पाणी सांगतं आन् माणूस जातं."

मी भूगोलाची शिक्षिका. व्होल्गा कोठे मिळते, या एका गुणाच्या प्रश्नाचे पेपर मी नोकरीभर तपासले. लिदा त्यावर हसायची. "कुठली व्होल्गा? आमच्या दारात येस्तवर तिच्या पन्नास वाटा झालेल्या. आमच्या वाटेचं नाव तुमच्या पुस्तकात न्हाय."

दर वसंतात तिथे पूर यायचा, म्हणून सगळं गाव मातीच्या एका टेकाडावर होतं. घरं, शाळा, चर्च, आणि त्याच टेकाडावर कबरीही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सैनिकांनी शेजारच्या काल्मिक जमातीच्या कुटुंबांना फितूर ठरवून एका सकाळी उचलून नेलं. त्यांच्या गाई धारेवाचून दिवसभर हंबरत होत्या, हे लिदाला तिच्या आईने सांगितलेलं. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, मोठे मासे यायचे थांबले, शाळा बंद पडली आणि गाव उठलं. "आय तेवढी राहिली तितं," लिदा म्हणायची.

मग एकदा तिकडच्या अस्त्राखान शहरातून तिच्या भाचीचा फोन आला. नदी टेकाड कापत चालली होती. आजीची, म्हणजे लिदाच्या आईची, कबर सापडली तर अस्थी शहरात हलवता आल्या असत्या. पण लाकडी क्रूस केव्हाच कुजले होते. जागा एकट्या लिदाला माहीत होती.

तिने कॅलेंडरच्या पाठीवर गावाचा नकाशा काढला, कबरी वरच्या कडेला. मी तो शाईने नीटनेटका उतरवला आणि मुलांना शिकवायचे तसा वरच्या बाजूला उत्तरेचा बाण काढला. तिला विचारलं नाही. भाचीला त्याचा फोटो पाठवला.

भाची नावेने गेली. टेकाडाच्या उत्तरेला दोन दिवस खणलं, काही मिळालं नाही. तिने व्हिडिओ कॉल केला तेव्हा लिदा गोंधळली. "ही पोरगी तिकडं का उभी हाय?" मी नकाशा पुढे धरला. तिने बाणावर बोट ठेवलं.

"वर उत्तर कुणी सांगितली? आमच्यात नदी जिकडनं येती ती बाजू वर. समदं गाव तसंच काढतं."

त्या टेकाडाशी नदी पूर्वेकडून येत होती. त्यातच पूर चढत होता, म्हणून नाववाला थांबायला तयार नव्हता. पाणी उतरल्यावर भाची परत गेली, तर पूर्वेचा काठ कबरींसकट वाहून गेला होता.

मी माफी मागायला गेले, तेव्हा लिदा मेथी निवडत होती. "नकाशा लई सोच्छ काढला व्हता तुमी," ती म्हणाली. "बाण मी बगितला व्हता, बाई. म्हणलं, तुमी शिकलेल्या, तुमचंच बरोबर असंल."

त्यानंतरही ती माझ्याबरोबर फिरायला यायची. गावाबद्दल मात्र पुन्हा बोलली नाही. दिवाळीनंतर तिला कऱ्हेच्या काठी अग्नी दिला.

भाचीने नंतर फोटो पाठवले. टेकाडाचा पश्चिमेकडचा भाग अजून उभा आहे. त्यावर शाळेचा ओटा आहे आणि चर्चच्या विटांच्या पायऱ्या आहेत.