सावळारामने नकोशीला गाडी शिकवली

सावळाराम आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आला तो १९५६ च्या अठरा नोव्हेंबरला. वहीत त्या दिवशी मी एवढंच लिहिलं आहे: 'उसाची गाडी हाकणारा, आवाज बसलेला.' माझे यजमान बारामतीत इंदापूर रस्त्यावर दवाखाना चालवत आणि मी आलेल्यांची नावं टिपून घेत असे. त्याचं नाव त्याच्या मुलीनं सांगितलं. त्याच्या तोंडून नुसती हवा येत होती.

गळ्यात गाठ होती. यजमान म्हणाले, पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात जा, उशीर करू नकोस.

मुलीनं बापाच्या ओठांशी कान नेला. "आबा म्हणत्यात, हंगाम सुरू हाय. गाडी कोण हाकंल?"

कारखान्याला रोज ऊस पोचला नाही, तर पाळी दुसऱ्या गाडीला जाई. सावळारामला मुलगा नव्हता. तीन मुली सासरी होत्या आणि धाकटी नकोशी चौदा वर्षांची. त्याच्या बैलांना चाबूक माहीत नव्हता, ते बोलण्यावर चालत. वैरण घालता घालता नकोशी त्यांच्याशी बोलायची, त्यामुळे तिचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं तिलाच शिकवायला घेतलं.

आमच्या दारासमोर गाड्या थांबत, तेव्हा कुंडलिक नावाचा गाडीवान मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "तात्या, पोरीला गाडी शिकिवताय, मग जावयाला भाकरी थापाया शिकिवनार व्हय?"

"मला आबा तरी शिकिवत्यात, मामा," नकोशी म्हणायची. "तुमाला तुमच्या बैलांनी शिकिवलंय. तुमी निजता, त्ये घरी नेत्यात."

आवाज नसल्यानं सावळाराम तिच्या मागं उसावर बसून खांद्यावर थाप मारी. उजवी थाप म्हणजे उजवीकडे, डावी म्हणजे डावीकडे, दोन्ही खांद्यांवर पडली की थांबायचं. पंधरा दिवसांत ती छान हाकू लागली. मलाही तसंच वाटलं होतं.

नऊ डिसेंबरला त्याला ताप होता. औषधासाठी त्यानं नकोशीला रिकामी गाडी देऊन एकटीच पाठवलं. दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात बराच वेळ हॉर्न वाजत होता, म्हणून मी बाहेर गेले. गाडी ऐन चौकात उभी, मागं लॉरी, आणि कासरा धरून नकोशी नुसती बसलेली.

"अगं, वळत का नाहीस?"

"कुनीकडं वळायचं त्ये कळंना, बाई."

रोजचा रस्ता. ती खांद्यावरच्या थापेची वाट बघत होती.

ताप उतरल्यावर तो आला, तेव्हा मी त्याला हे सांगितलं. त्यानं मला जवळ बोलावलं आणि कुजबुजला, "पोरीला कुटं शिकिवलं, बाई? म्या आनिक एक बैल तयार केला."

दुसऱ्या दिवसापासून तो गाडीवर बसेना. भरली गाडी पुढं आणि वीस पावलं मागं डोक्याला फडकं बांधून हा. कारखान्यापर्यंत जाताना सात मैल. पाय सुजले, यजमान रागावले, तरी त्यानं चालणं सोडलं नाही. ती चुकली असती तर त्याला ओरडताही आलं नसतं. घास गिळेना, अंगावरचा सदरा रोज सैल दिसे. जानेवारीत तर त्याच्याकडे बघून मीच दमत असे.

बावीस जानेवारीला तो एकटाच आला आणि बाकावर बसला.

"गाडी कुठं आहे?" मी घाबरून विचारलं.

त्यानं कारखान्याच्या दिशेला हात केला. दोन तांबे पाणी प्यायला, तेही घोट घोट. मग अडखळत सांगितलं. कालव्याच्या पुलाच्या उतारावर समोरून लॉरी आली. भरली गाडी बैलांच्या अंगावर यायला लागली. यानं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. तोवर नकोशी उडी टाकून खाली उतरली होती. तिनं चाकापुढं लाकडी ठोकळा सारला, बैलांची वेसण धरली आणि लॉरी जाऊ दिली. मग ठोकळा काढून निघून गेली.

"मागं वळून बघितलं न्हाय तिनं," तो म्हणाला. "म्या तितंच बसलो."

थोड्या वेळानं तो यजमानांकडे वळला. "आता जातो पुन्याला."

दोन महिने उलटले होते. यजमानांनी लगेच हॉस्पिटलासाठी चिठ्ठी लिहून दिली.

तिसऱ्या दिवशी नकोशीनंच त्याला गाडीतून स्टेशनवर पोचवलं. परतताना ती दारात थांबली, तेव्हा मी विचारलं, "नीट गेले का आबा?"

"गाडीत बसल्या बसल्या झोप लागली, बाई," ती म्हणाली. "टेशन आलं तरी उठंनात. हलवून उठिवलं."