तीनदा उठलेली बाई

नाटक कंपनीचे पोशाख शिवण्यात शिंपीणबाईंची हयात गेली. भर प्रयोगात त्यांचा एक टाका कधी उसवला नव्हता. आता मात्र त्यांना एका जागी दहा मिनिटं बसवत नसे. मनाचा आजार जुना होता आणि डॉक्टरांच्या गोळीने तो ताब्यात असे. पण देवावरचा विश्वास पक्का असेल तर गोळी कशाला, असं म्हणून बाईंनी गेल्या आठवड्यात गोळी बंद केली होती.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली आणि बाई उठल्या. दारापर्यंत जाऊन परतल्या, पुन्हा उठल्या. बाहीची शिवण नखाने उसवत तिसऱ्यांदा बाहेर पडल्या, तशी भावजय मागोमाग अंगणात आली.

"वन्सं, पायाला भिंगरी लागलीय का?"

"प्रार्थनेत बसवतच नाही गं. माझा विश्वासच कच्चा."

"वा! क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभूचा बागेत जीव कासावीस झाला, ते तीनदा प्रार्थनेतून उठून झोपलेल्या मित्रांकडे आले. त्यांचाही कच्चाच म्हणायचा?"

बाई थबकल्या. ही गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकली होती, पण तिच्यात आपल्यासारखंच येरझाऱ्या घालणारं कुणी आहे, हे आज दिसलं.

भावजयीने मूठ उघडली. आत गोळी होती.

"म्हणजे प्रार्थना सोडून माझ्यावर पहारा?"

"दोन्ही. एक डोळा उघडा ठेवून. आणि उद्या डॉक्टरांकडे जायचंय."

बाईंनी गोळी घेतली. तगमग काही लगेच थांबली नाही. फेऱ्या चालूच राहिल्या, पण आता बाई चालता चालता प्रार्थना करत होत्या.