न्यायाधीशांच्या घरचा गणपती

रुचा परचुरे आमच्या काउंटीच्या फौजदारी कोर्टात न्यायाधीश आहे. मी तिला पाळण्यात पाहिलेलं आहे. तिचे वडील एकनाथ आणि मी एकाच वर्षी पेनसिल्व्हेनियात आलो आणि शेजारी शेजारी घरं घेतली. स्टेट कॉलेज या युनिव्हर्सिटीच्या शहरापासून तासाभरावरचं हे गाव. तेव्हा इथे मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं.

इथे न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडून येतात. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू रुचाने बरीच वर्षं मांडली, आणि २०१५ साली ती निवडणुकीला उभी राहिली. दारोदार फिरताना लोक तिला तिचं नाव पुन्हा पुन्हा सांगायला लावत. तरी ती थोडक्या मतांनी जिंकली. दहा वर्षांनी पुन्हा लोकांपुढे जावं लागतं. तेव्हा समोर दुसरा उमेदवार नसतो. या न्यायाधीशांना ठेवायचं की नाही, एवढंच मतपत्रिकेवर विचारलेलं असतं. तिची ती वेळ २०२५ च्या नोव्हेंबरात आली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात तिच्यापुढे डेल होल्कमचा खटला चालला. पेट्रोल पंपावरच्या पोराला मारहाण करून त्याने त्याचा एक डोळा घालवला होता. ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. शिक्षा रुचाने सुनावायची होती. मग कोर्टात फोन येऊ लागले. एकदा एका माणसाने तिच्या गाडीचा रंग सांगितला आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा तिची मुलगी आन्या कुठल्या बसने शाळेत जाते ते सांगितलं. आन्या आठ वर्षांची. रुचा आणि आन्या शेजारच्या त्याच घरात रुचाच्या आईबरोबर राहतात. शेरिफने घरासमोर एक डेप्युटी, म्हणजे आपला पोलीस, गाडीत बसवला. डेलचा भाऊ क्लिंट कोर्टात रोज पहिल्या बाकावर बसायचा, त्यामुळे संशय त्याच्यावरच होता, पण पुरावा नव्हता.

परचुरेंच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. एकनाथ गेल्यावरही शुभाने, म्हणजे रुचाच्या आईने, तो चालू ठेवला. शनिवारी दर्शनाला युनिव्हर्सिटीतली मुलं गाड्या भरभरून येतात. कोण कुणाबरोबर आलं हे कुणी विचारत नाही. दार दिवसभर उघडं.

त्या वर्षी रुचा म्हणाली, "आई, प्लीज, यंदा दार लॉक ठेव. बेल वाजवतील लोक."

"गणपतीत कुलूप? मग बसवायचा कशाला? तुझ्या बाबांनी कधी कुणाला बेल वाजवायला लावली नाही."

रुचाने कुलपाचा विषय सोडला. कोर्टात तिच्या शब्दावर माणसं आत जातात, घरात आईपुढे तिचं चालत नाही.

त्यात आमच्या मराठी मंडळाच्या राजेशने भर घातली. तो पुण्याचा, आयटीतला, उत्साही मुलगा. रुचाला मतं मिळावीत म्हणून त्याने दर्शनाचं आमंत्रण इंग्रजीत करून फेसबुकवर टाकलं. रुचाचा फोटो, घराचा पत्ता, नकाशा आणि खाली 'सर्वांचं स्वागत आहे'. रुचाला कळेपर्यंत ते गावभर फिरलं होतं. काढून टाकून काही उपयोग नव्हता.

शनिवारी दुपारी घर भरलं. आरतीनंतर शुभाला डेप्युटीची आठवण झाली. तो सकाळपासून उपाशी बसलाय म्हणत तिने त्याला आत बोलावलं आणि घरामागच्या लाकडी डेकवर ताट वाढून दिलं. मी खुर्ची आणून द्यायला डेकवर गेलो. परत आलो तेव्हा दारात क्लिंट होल्कम बूट काढत होता. मी त्याला कोर्टात पाहिलं होतं.

इतरांसारखेच त्याने ते नीट चपलांच्या रांगेत ठेवले. शुभा त्याला ओळखत नव्हती. तिने हसून त्याच्या हातावर मोदक ठेवला आणि युनिव्हर्सिटीत असतोस का, असं विचारलं. तो म्हणाला, मी जजसाहेबांच्या ओळखीचा.

रुचा आरतीचं तबक घेऊन बाहेर आली. त्याला बघून ती थांबली. आन्या तिच्या मागेच होती.

"घर छान आहे," तो म्हणाला. "दार उघडंच असतं वाटतं."

मला डेप्युटीला हाक मारायची होती. पण डेक घराच्या मागे आणि मध्ये सगळी माणसं.

रुचाने आन्याला मागे ढकललं. ती हळू आवाजात म्हणाली, "मंगळवारी नऊ वाजता शिक्षा सुनावायची आहे, मिस्टर होल्कम. ती मीच सुनावणार."

त्याने मोदक चपलांच्या कपाटावर ठेवला, बूट घातले आणि निघून गेला. मी बोलावल्यावर डेप्युटी धावत आला तोवर गाडी वळणाआड गेली होती. संध्याकाळी मंडळी निघाली तेव्हा कळलं, आन्याची एक गुलाबी सँडल नाही.

शेरिफने क्लिंटला बोलावून विचारलं. त्याने फोनवर राजेशचं आमंत्रण दाखवलं. म्हणाला, सर्वांचं स्वागत आहे असं लिहिलंय, म्हणून मी गेलो. सँडलचं मला काही माहीत नाही. त्याला सोडावं लागलं. मुख्य न्यायाधीशांनी रुचाला खटला दुसऱ्याकडे द्यायला सुचवलं. ती मला म्हणाली, "काका, मी सोडला ना, तर जज कसा बदलायचा हे सगळ्यांना कळेल." मंगळवारी तिने डेलला कायद्यात बसेल तेवढी शिक्षा सुनावली. क्लिंट पहिल्या बाकावर होता.

नोव्हेंबरात लोकांनी तिला ठेवलं. या वेळी थोडक्यात नाही, चांगल्या फरकाने. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढे घेऊन निघालो. त्यांच्या अंगणात तिच्या प्रचाराची पाटी अजून रोवलेली होती. पाटीच्या कोपऱ्याला गुलाबी सँडल पट्ट्याने अडकवलेली होती, स्वच्छ धुतलेली.

रुचाने ती पिशवीत घालून डेप्युटीला दिली आणि कोर्टात गेली. त्या दिवशीही नऊ वाजता कामकाज होतं.

मी पायऱ्या चढून दार ढकललं. ते उघडलं नाही. बेल वाजवली. पडदा जरासा हलला आणि आतून शुभाचा आवाज आला, "कोण आहे?"

मी नाव सांगितलं. तरी कडी निघायला बराच वेळ लागला.