भिंतीवरची सही

समुद्रपूरच्या एका कॉलेजात मी प्रोग्रामिंगची सी भाषा शिकवते. जर्नलमध्ये खाडाखोड केली की शेजारी सही करायला लावते, हा माझा एक हट्ट. दुसरा लॅबच्या भिंतीवर आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून मी मुद्दाम लिहून घेतलं होतं, ‘व्हेरिएबल आधी सांगा, मग कामाला लागा.’ व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राममध्ये आकडे ठेवायचे नावाचे डबे; ते सुरुवातीला न सांगता ज्याने मध्येच, लूपच्या कंसात नवं काढलं, त्याला शून्य.

गेल्या प्रॅक्टिकलला गिरडहून एसटीने येणाऱ्या एका मुलीने नेमकं तेच केलं. प्रोग्राम तपासून चालवणाऱ्या आमच्या निळ्या पडद्याच्या जुन्या कंपायलरने चूक दाखवली, मी शून्य दिलं आणि ती नापास झाली.

दुसरी कोणी रडत बसली असती. ही मोबाईल घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आली.

“मॅडम, मले शून्य काऊन? हाच प्रोग्राम माह्या मोबाईलवर तं मस्त चालून राह्यला.”

“भाषेचा नियम आहे तो,” मी भिंतीकडे बोट दाखवलं.

“कोन्त्या सालचा? कंपायलरलेच विचारू ना.”

आगाऊपणा झोंबला, पण ऐकलं. तिने मोबाईलवर दोन-चार ओळी लिहिल्या: तू भाषेचं कोणतं मानक, म्हणजे कोणत्या सालचे नियम पाळतोस, ते छाप. आकडा आला, २०१७१०. मला तो पिनकोड वाटला. “साल दोन हजार सतरा, महिना दहावा,” तिने फोड करून सांगितली. मग त्याच ओळी लॅबच्या मशीनवर. तिथे उत्तर आलं की असलं काही नावच मला ठाऊक नाही, इतका तो जुना.

म्हणजे तिचा प्रोग्राम बरोबर होता. ही सवलत भाषेत तिच्या जन्माआधीच आली होती, आणि मी या म्हाताऱ्या कंपायलरचं ऐकून पोरांना धारेवर धरत होते! आधी कान तापले, मग मला इतकं हसू आलं की शेजारच्या लॅबमधले डोकावून गेले. गुणपत्रिकेवरचं शून्य खोडलं, पूर्ण गुण लिहिले, शेजारी सही केली. पोरगी पास झाली. मला तिचा मनापासून अभिमान वाटला.

“अन् भिंतीवरचं?” तिने विचारलं.

मी खडू घेतला आणि नियमावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, ‘फक्त जुन्या कंपायलरसाठी.’ हात झटकून वळले, तर ती तिथेच उभी.

“मॅडम, खाडाखोड केली नं? सही करा.”

केली.