रॅमचा रिकामा खाना

संक्रांतीनंतरचा सोमवार, वाशीम. हजर: धाकटा भाऊ, दुकानदार चाचा आणि मी. नव्या प्लास्टिकचा, थर्माकोलचा वास आला की ती दुपार आठवते. भावाला स्नायूंचा आजार होता. आधी बोटांतली ताकद जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून गेम खेळण्यासाठी हवा तसा कॉम्प्युटर तो सुटे भाग निवडून घाईनं जोडून घेत होता. काउंटरवर मांडलेल्या एकेका कीबोर्डची बटणं तो दाबायचा आणि कीबोर्ड बाजूला सारायचा. "हा बी कडक हाये चाचा, हलका दाखवा." चाचा वैतागले, "भाऊ, बोटं हायेत का मोरपीस?" भाऊ हसला, मी नाही. शेवटी एक कीबोर्ड त्याला झेपला. मग मदरबोर्डवरच्या मेमरी बसवायच्या दोन रिकाम्या खाचा दाखवत चाचा म्हणाले, "रॅमचा एक खाना खाली ठेवतो, दोन-तीन सालानं वाढवजो." भाऊ म्हणाला, "खाली कायले ठेवता? आताच भरून टाका." चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते दुसरी रॅम आणायला आत गेले. आता भाऊ नाही. कॉम्प्युटर माझ्या लेकीला द्यायचं ठरलं आहे. त्याआधी भावाचे अर्धवट राहिलेले गेम पुसायचे आहेत, तेवढं काम अजून बाकी आहे.